तुम्ही विचारलंत म्हणून : कॅन्टनचे ग्वांगचौ कधी झाले?

मुंबईच्या चीन व्यापाराविषयी मी काही लिहिले की वाचक हमखास विचारतात: जमशेटजी जीजीभॉय ज्या कॅन्टनला गेले, त्या शहराचे नाव ग्वांगचौ कधी झाले? खरे म्हणजे चिनी भाषेत ते बदललेच नाही. 1995 पूर्वीही मराठी माणूस मुंबईला मुंबईच म्हणत होता. तिथेही बदलली ती इंग्रजीतली रीत.

इ. स. 226 मध्ये वू राज्याने या मुलखाचा वेगळा प्रशासकीय विभाग करून त्याला ग्वांगचौ हे नाव दिले आणि पुढे ते त्याच्या मुख्य शहराला लागले. 'कॅन्टन' मात्र या नावाचा अपभ्रंश नाही. हे शहर ज्या प्रांताची राजधानी आहे, त्या ग्वांगतुंगचे नाव पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात 'कान्तांव' असे उचलले, शहरालाच लावले आणि त्यांच्याकडून ते इंग्रजीत आले. याला निव्वळ परक्यांचे अज्ञान म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण स्थानिक लोकही बोलताना या शहराला नुसते 'प्रांताची राजधानी' म्हणत.

इंग्रजीत हे नाव घट्ट बसले ते व्यापारामुळे. 1757 पासून 1842 च्या नानकिंग तहापर्यंत युरोपीय जहाजांना चीनमध्ये व्यापारासाठी हे एकच बंदर खुले होते. मुंबईहून कापूस आणि माळव्याची अफू तिकडे जाई, तर तिकडून चहा आणि रेशीम निघे, आणि या सगळ्या व्यवहाराच्या इंग्रजी कागदपत्रांत कॅन्टन हेच नाव येते. अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका व्यापाऱ्याने तर चीनहून माल आणल्यावर आपल्या जमिनीलाच हे नाव दिले.

चीनने 1958 मध्ये पिनयिन ही रोमन लेखनपद्धती स्वीकारली आणि 1979 पासून परदेशी भाषांतील आपल्या प्रकाशनांत ती लागू केली. त्यानंतर इंग्रजी वृत्तपत्रांनीही हळूहळू नवे रूप घेतले. तरीही जुने नाव पुसले गेले नाही. 1957 पासून भरणारा व्यापारमेळा इंग्रजीत 'कॅन्टन फेअर' म्हणूनच ओळखला जातो, तिथल्या भाषेला कॅन्टोनीज म्हणतात, विमानतळाचा संकेत 'सीएएन' आहे, आणि 2010 मध्ये खुल्या झालेल्या उत्तुंग मनोऱ्याचे अधिकृत इंग्रजी नाव 'कॅन्टन टॉवर' आहे. जे नाव शहर स्वतःच अभिमानाने मिरवते, त्याला वसाहतवादी ठरवून खोडून टाकण्याचा आग्रह मला पटत नाही.

म्हणून जुन्या व्यापाराविषयी लिहिताना मी कॅन्टन लिहिते आणि आजच्या शहराविषयी ग्वांगचौ. मराठीत 'ग्वांगझू' छापतात, ते रोमन 'झेड' पाहून. मँडरिन उच्चारात तिथे 'झ' नाही, आपल्या 'च'च्या जवळचा ध्वनी आहे, आणि देवनागरीत तो सहज लिहिता येत असताना आपण रोमन अक्षरांच्या मागे जाण्याचे काही कारण नाही.