हिंग कोणता वापरता?

सोमवार, रात्री

आज माझ्या पोटाच्या डॉक्टर मॅडमकडे दाखवून आले. टीटीजी (सीलिअ‍ॅक या माझ्या आजाराची रक्तातली अँटीबॉडी) बराच उतरलाय. नॉर्मल म्हणावा इतका नाही, पण निदानाच्या वेळी आकडा लॅबच्या मोजणीपलीकडे गेला होता, आता निदान मोजता तरी येतो. हिमोग्लोबिन 11.4. तेव्हा 7.9 होतं आणि जिन्याच्या दर वळणावर थांबावं लागायचं. आज खडकवासल्यातून पाणी सोडल्यामुळे भिडे पूल बंद होता, म्हणून डेक्कनला मेट्रोतून उतरून लकडी पुलावरून नारायण पेठेपर्यंत भर पावसात चालत गेले. दम लागला नाही, हे तिथे पोचल्यावर लक्षात आलं.

सीलिअ‍ॅकला औषध नाही. गहू, जव, राय या धान्यांतलं ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उठतं. उपाय एकच, ते जन्मभर खायचं नाही. मग इतके पैसे मोजून स्पेशालिस्टकडे कशाला जायचं, असं आमच्या एका नातेवाइकांनी विचारलंच. चिठ्ठीवर लिहून द्यायला गोळी नसते तेव्हाच डॉक्टर कसा आहे ते कळतं, असं माझं मत झालंय.

आधी पाहिलेले सगळे वाईट होते असं नाही. कुणी पाळीमुळे रक्त कमी म्हणालं, कुणी पित्त म्हणालं, लोहाच्या गोळ्या बदलून बदलून दिल्या. पोटात गोळी जात होती, रक्तात लोह येत नव्हतं. ते का येत नाही, हे कुणी विचारलं नाही. एका मोठ्या हॉस्पिटलातल्या तज्ज्ञांनी स्क्रीनवरची नजर न काढता ‘आयबीएस आहे (म्हणजे नुसतं आतडं चिडचिडं), टेन्शन घेऊ नका’ सांगितलं आणि उठता उठता ‘महिनाभर गहू बंद करून बघा’ असंही. याचा राग मला अजून येतो. गहू सोडला की रक्तातल्या अँटीबॉडी उतरू लागतात, आतडं सावरू लागतं आणि नंतर केलेली तपासणी फसवी निघू शकते. नशीब माझं, की तेव्हा श्रावण होता आणि घरात पुरणपोळ्या. मी ते मनावर घेतलंच नाही.

मॅडमचं नाव दिलं खालच्या मजल्यावरच्या जयपूरच्या वहिनींनी. त्यांच्या मुलीला हेच आहे. माझं रडगाणं ऐकून त्या लगेच म्हणाल्या, ‘टीटीजी केली का?’ डॉक्टर नसलेल्या बाईने विचारलं! उत्तर भारतात हा आजार साधारण शंभरात एकाला असतो, तिकडे नाव तरी कानावर असतं. आपल्याकडे भात-भाकरीवाल्यांना कुठला आलाय, अशी समजूत. पण कोथरूडमध्ये आता किती घरांत रोज भाकरी होते? डब्यात पोळी, रात्री पोळी, मधल्या वेळेला टोस्ट.

पहिल्या भेटीत मॅडमनी माझी फाइल बाजूला ठेवली आणि विचारत बसल्या. तोंड येतं का? हाडं दुखतात का? घरात कुणाला थायरॉइड, लहानपणापासूनचा मधुमेह? (आईला थायरॉइड होता. कुणी विचारलंच नव्हतं, तर मी कशाला सांगू?) टीटीजीबरोबर एकूण आयजीए पण करायला सांगितली, कारण टीटीजी ही आयजीए प्रकारची अँटीबॉडी, आणि काहींच्या शरीरात आयजीएच कमी बनतं आणि मग टीटीजी खोटीच नॉर्मल येते. आणि ठणकावलं, एंडोस्कोपी होईपर्यंत पोळी चालूच ठेवायची. दुर्बिणीतून आतडं कधीकधी चांगलंच दिसतं, म्हणून तुकडे घेऊन तपासायचेच, तेही एक-दोन नाही, चार-सहा. रिपोर्ट आल्यावर त्यांनी कागदावर चित्र काढलं. आतड्याच्या आतली बाजू टॉवेलसारखी लवदार असते, माझी झिजून सपाट झाली होती. त्यातून लोह शोषलं जाणार कसं?

मग म्हणाल्या, ‘घरी स्वयंपाक कोण करतं? पुढच्या वेळी त्यांना घेऊन या.’

आईंना (सासूबाईंना) घेऊन गेले. जाताना रिक्षात आई धुसफुसत होत्या, आपल्या स्वयंपाकाची उलटतपासणी होणार म्हणून. मॅडमनी आधी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग विचारलं, ‘काकू, हिंग कोणता वापरता?’

आई चमकल्या. मीही. डबीतला हिंग शुद्ध नसतो, त्यात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. म्हणजे मी पोळी सोडली असती आणि आमटी, कोशिंबीर, चिवडा, सगळ्या फोडण्यांतून गहू खात राहिले असते. पुढचा प्रश्न गिरणीचा. ज्वारी दळायच्या आधी त्याच जात्यातून कुणाचा तरी गहू गेलेला असतो. भाजणीत गहू घालता का? सातूच्या पिठात? सोया सॉस? तुपाचा डबा पोळीच्याच चमच्याने उघडता का? आई बोटं मोजत उत्तरं देत होत्या आणि तिसऱ्या-चौथ्या प्रश्नापासून स्वतःच पुढचं सांगायला लागल्या: ‘म्हणजे पोलपाट पण वेगळा हवा, नाही का हो?’ बाहेरचे पेशंट दारातून डोकावत होते. मॅडमनी घाई केली नाही.

त्यानंतर घरघंटी आली. हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं आई भिंग घेऊन वाचतात. तांदळाच्या पिठातला मिळतो, तो आणतात. पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, हे त्या आता भिशीत इतर बायकांना सांगतात. एकादशी दुप्पट खाशी हे माझ्याबाबतीत शब्दशः खरं आहे. वरई, साबुदाणा, राजगिरा, सगळं निर्धास्त, आणि त्या दिवशी ‘हिचं वेगळं’ असं काही नसतं. एरवीचं अवघड. सत्यनारायणाचा शिरा हातावर पडला की काय करायचं, याला अजून मला सभ्य उत्तर सापडलेलं नाही. लग्नाची आमंत्रणं तर मी सरळ टाळते.

मॅडमनी फक्त बंदीची यादी देऊन पाठवलं नाही, हे मला जास्त मोलाचं वाटतं. हाडांची घनता तपासली, डी आणि बी12 बघितलं, ते भरून काढलं. परत येत राहा, टीटीजी उतरत नसेल तर कुठून तरी गहू येतोय, आपण शोधू, म्हणाल्या. ‘तुम्ही खाताय’ असं त्या म्हणाल्या नाहीत. एकदा मी वैतागून म्हटलं, मला वडापाव हवाय, तर ‘हवासा वाटणारच’ म्हणाल्या आणि पाव सोडून वडा घरी करायला सांगितला, बेसन घरघंटीचं घेऊन. समजूत घालणाऱ्यांपेक्षा हे बरं.

आज त्यांनी घरच्यांच्या तपासणीचा विषय काढला. आई-वडील, भावंडं, मुलं यांना धोका जास्त असतो, त्रास काहीच नसला तरी. मुलीची गुरुवारी करून घेतेय. निगेटिव्ह आली तरी पुढे पुन्हा करायची, एकदाचा निकाल कायमचा नाही. दादाला संध्याकाळी फोन केला. ‘मला दगड पचतात,’ म्हणाला. त्याचंही हिमोग्लोबिन कमी असतं, ते तो चहावर ढकलतो. उद्या वहिनीलाच गाठते. ती त्याला पोळ्या तर खायला घालतेच, पण लॅबमध्येही घेऊन जाईल.