उत्तर कुठून कुठे गेलं ते पाहा

घटक शिकवण्याआधी घेतलेल्या पूर्वचाचणीची सरासरी १० पैकी ४, शिकवून झाल्यावर उत्तरचाचणीची ७. नोंदवहीत हे छान दिसतं, पण उद्या वर्गात काय करायचं ते त्यातून कळत नाही. ते कळतं एकेका प्रश्नाच्या उत्तरातून. त्यासाठी चुकीचे पर्यायसुद्धा विचार करून निवडावे लागतात.

क्षेत्रफळाचा घटक घेऊ. तासगाव-मिरजेकडच्या पोरांच्या कानावर गुंठे-एकर रोज पडतात, तरी परिमिती आणि क्षेत्रफळाची गल्लत होतेच. प्रश्न असा: वाफा १२ मीटर लांब, ५ मीटर रुंद, क्षेत्रफळ किती चौरस मीटर? पर्याय १७, ३४, ६०, १२०. १७ म्हणणाऱ्याने नुसती बेरीज केली, ३४वाल्याने परिमिती काढली, १२०वाल्याने दोन सूत्रं मिसळली. तीन चुका, तीन वेगळे उपाय. पाचवा पर्याय ‘अजून माहीत नाही’ हा ठेवाच, नाहीतर ठोकताळ्याने आलेलं उत्तर समज म्हणून मोजलं जातं. आणि हे गुण प्रगतिपुस्तकात जाणार नाहीत, हे मुलांना आधीच सांगा. त्याशिवाय तो पर्याय कुणी निवडणार नाही.

पूर्वचाचणीला ८ प्रश्न, १५ मिनिटं पुरे. २ प्रश्न गुणाकार आणि एककांचे, ४ मुख्य घटकाचे, २ उपयोजनाचे. घटकाच्या २-३ दिवस आधी घ्या. त्याच तासाला घेतली तर पेपर पाहून पाठ बदलायला वेळच उरत नाही. पेपर जमा करा, फळ्यावर सोडवून देऊ नका.

उत्तरचाचणीत आकडे बदला, घाट तोच ठेवा: १४ मीटर बाय ३ मीटर, पर्याय १७, ३४, ४२, ८४. ती घटक संपल्यावर आठवडाभराने घ्या. त्याच दिवशी घेतली तर ताजी आठवण मोजली जाते.

तुलना फक्त दोन्ही चाचण्या दिलेल्या मुलांचीच करा. आपल्याकडे गळीत हंगामात ऊसतोड कामगारांची मुलं मध्येच दाखल होतात, मध्येच जातात. ती फक्त एका यादीत आली की न शिकवताही सरासरी हलते. त्या मुलांचे पेपर मात्र वेगळे पाहाच, त्यांना मदतीची गरज जास्त आहे.

वाढ मोजताना नुसती वजाबाकी फसवते. ८० टक्क्यांवरच्या मुलाला वर जायला जागाच २० ची. म्हणून झालेली वाढ भागिले शक्य वाढ. ३० वरून ६५ म्हणजे ३५ भागिले ७०, ०.५. ८० वरून ९० म्हणजे १० भागिले २०, तेही ०.५. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांसाठी हीच रीत वापरली, ०.३ च्या खाली कमी, ०.७ च्या वर जास्त. पूर्वचाचणीतच पैकीच्या पैकी असतील तर हे सूत्र लागू होत नाही.

यापेक्षा मोलाचा वाटतो तो चार रकान्यांचा तक्ता, प्रत्येक प्रश्नासाठी एक (आधी पूर्वचाचणीतलं उत्तर, मग उत्तरचाचणीतलं): चूक-बरोबर, बरोबर-बरोबर, चूक-चूक, बरोबर-चूक. चौथा रकाना बेरजेत लपून जातो. कुंपणाला तार किती लागेल, हे आधी बरोबर सांगणारी मुलं क्षेत्रफळ शिकल्यावर लांबी-रुंदीचा गुणाकार करू लागतात. एखाद-दुसरं नाव असेल तर तो अंदाज किंवा घाई असू शकते. ४० च्या वर्गात ६-७ नावं आली तर सूत्र घाईने दिलं गेलंय. अशा वेळी जास्तीचा सराव देऊ नका. सुतळी घेऊन मैदानात आखलेल्या चौकोनाची कड मोजायला लावा, मग त्याच चौकोनात एक मीटरचे चौरस खडूने आखून मोजायला लावा. दोन दिवसांनी तेवढाच एक प्रश्न पुन्हा विचारा.