सोयाबीनचं पोतं

सिरियलचं शूटिंग औसा तालुक्यातल्या एका गढीत होतं. ऑक्टोबरातले दिवस, परतीचा पाऊस रात्रीबेरात्री कोसळत होता. मी फाइट मास्टर. नायकाच्या डुप्लिकेटनं पांढऱ्या मातीच्या बुरुजावरून खाली पडायचं होतं, बुरुजाच्या टोकापासून खोक्यांपर्यंत २० फूट. डुप्लिकेट परभणीकडचा पोरगा, मल्लखांबावर घडलेला. एवढ्या उंचीवरून पडायची त्याची पहिलीच वेळ.

मारामारी बसवणं मला कधीच अवघड वाटलं नाही. ठोसा तोंडापासून वीतभर लांबून जातो, कॅमेरा योग्य जागी असला आणि समोरच्यानं मान वेळेवर झटकली की बघणाऱ्याला तो लागलेला दिसतो. पण पडण्यात कॅमेऱ्याची लबाडी चालत नाही. माणूस खरोखर खाली येतो. २० फूट पडायला सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो आणि खाली पोचताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या घरात असतो. तो वेग ४ फुटांत जिरला तर अंगावर आपल्याच वजनाच्या पाच-सहा पट भार येतो. ४ इंचांत जिरला तर साठ पट.

ते ४ फूट आम्हाला रिकामी खोकी देतात. फ्रीजची, वॉशिंग मशीनची, लातूरच्या दुकानांतून गोळा केलेली. त्यांचे कोपरे कापायचे, म्हणजे आतली हवा निघून जाते आणि खोकं सावकाश दबतं. मग थरावर थर रचायचे, वर गाद्या टाकायच्या आणि सगळ्याभोवती दोर आवळायचा, नाहीतर खोकी पांगतात.

आदल्या रात्री आम्ही सगळं रचून वर ताडपत्री टाकली होती. सकाळी ताडपत्री काढून हात घातला, वरची खोकी कोरडी ठणठणीत. दुपार कलली तसा प्रॉडक्शनचा माणूस मागं लागला, "मास्टर, उजेड जातोय." पोरगा बुरुजावर चढूनसुद्धा बसला. "मारू का मास्टर? कायबी होत न्हाई."

मी हो म्हणणार होतो. हे लिहिताना आजही हात थांबतो.

तेवढ्यात गढीच्या ओसरीवर नव्या सोयाबीनची पोती दिसली. एक पोतं त्या पोराच्याच वजनाचं, साठ किलोच्या आसपास भरलं. घरच्या आजींना विचारलं, दोघांनी ते वर चढवलं आणि ढकललं.

धप्प!

पोतं गाद्यांसकट खोक्यांत शिरलं आणि जमिनीवर जाऊन फुटलं. सोयाबीन चिखलात उधळलं. मी दोर कापून खालची खोकी ओढली तर ती हातात लगद्यासारखी आली. पाणी वरून आलंच नव्हतं, गढीच्या उतारानं जमिनीवरून वाहत खाली शिरलं होतं आणि खालचे दोन्ही थर पिऊन बसले होते. मी तपासला तो फक्त वरचा थर.

पोरगा खाली उतरला. लगद्याला हात लावून बघितला, माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही.

त्या दिवशी शॉट झाला नाही. प्रॉडक्शनवाल्यानं मला बरंच सुनावलं, मी ऐकून घेतलं. रात्री टेम्पो लातूरला पाठवून नवी खोकी आणली, खाली विटा मांडून त्यावर फळ्या टाकल्या, मगच पहिला थर रचला. सकाळी आधी पोतं टाकलं. ते वरच्या दोन थरांत रुतून थांबलं. मग पोरगा पडला. हनुवटी छातीला, दोन्ही हात पसरलेले, पूर्ण पाठीवर. एका टेकमध्ये.

सोयाबीनचे पैसे आजी घेईनात. "लेकरू वाचलं ना बाबा, दाण्याचं काय घिऊन बसलास," एवढंच म्हणाल्या. मग मी आणि तो पोरगा अंगणात उकिडवे बसलो आणि चिखलातला एकेक दाणा वेचून सुपात टाकत राहिलो. जेवणाची हाक आली तरी उठलो नाही.