नाल्याकाठच्या मातीचा किल्ला

गेली काही वर्षे बेळगावातल्या आमच्या वडगावातील गल्लीत दिवाळीचा किल्ला बाजारातून येत असे. प्लास्टरचा तयार किल्ला आणायचा, त्यावर मावळे मांडायचे आणि दिवाळी सरली की माळ्यावर ठेवून द्यायचा, असा क्रम पडून गेला होता. मागच्या दिवाळीत मात्र मुलांनी मातीचाच किल्ला करण्याचा हट्ट धरला आणि त्यासाठी माती कोठून आणावी हे आम्हा मोठ्यांपैकी कोणालाही ठाऊक नाही, हे पहिल्याच दिवशी उघड झाले. आमच्या लहानपणी घरामागच्या परड्यात खणले की काम भागत असे. आता त्या परड्यांवर फरशी आहे.

शेवटी चार मुलांना घेऊन मी येळ्ळूरच्या बाजूला शिवारात गेलो. भाताची सुगी सुरू होती. बळ्ळारी नाल्याला लागून असलेल्या एका शेतात लोण्यासारखी मऊ चिकणमाती दिसली, म्हणून बांधावरच्या मामांना विचारले. ते म्हणाले, “न्या की, पायजे तेवढी न्या. ह्याच मातीनं यंदा आमचं भात आडवं केलंय.” जोराच्या पावसात नाला पात्र सोडून शेतांत शिरतो आणि पाणी ओसरताना गाळाचा थर मागे ठेवून जातो. मुलांच्या बोटांना हवीहवीशी वाटणारी ती माती म्हणजे त्या शेतकऱ्याच्या नुकसानीची खूण होती. मुले गप्प झाली. मग मामांनी स्वतःहून दोन लोंब्या त्यांच्या हातात दिल्या आणि पाण्यात बुडालेल्या लोंबीतला दाणा कसा पोचट राहतो, हे नखाने फोडून दाखवले. नाल्याच्या पुराच्या बातम्या मी दर पावसाळ्यात वाचतो, परंतु तो पोचट दाणा मीही त्या दिवशीच प्रथम पाहिला.

नमुना म्हणून मुलांनी जवळचाच राजहंसगड निवडला. विटांवर चिखलात भिजवलेली तरटे टाकून डोंगराचा आकार दिला, वर माती लिंपली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो सगळ्या बुरुजांना तडे गेलेले. त्या वेळी समोरच्या घरातील कन्नड भाषक आज्जी काठी टेकत आल्या. त्यांचे माहेर बैलहोंगलकडचे. ज्येष्ठ अमावास्येला, ज्या सणाला त्या ‘मण्णेत्तिन अमावास्ये’ म्हणतात, घरोघरी मातीचे बैल करून पुजण्याची तिकडची रीत असल्याने माती मळणे त्यांच्या हातात बसलेले आहे. मातीत भाताचे तूस मिसळा, उन्हात वाळवू नका, वर ओले तरट झाका, असे त्यांनी अर्ध्या कन्नडमध्ये आणि अर्ध्या मराठीत सांगितले, आणि सांगून न थांबता पायरीवर बसून पहिला बुरूज स्वतःच्या हाताने लिंपून दिला. पंधरा वर्षे आमची ओळख नमस्कारापुरतीच होती. सीमाभागात भाषेचा विषय निघाला की दोन्हीकडची माणसे सावध होतात. त्या पायरीवर तो विषय कोणालाही आठवला नाही.

माहेरची माती काळी असते, असेही आज्जी म्हणाल्या. त्यावर मुलांनी कारण विचारले तेव्हा मला थोडे सांगता आले. आपल्या पश्चिमेला, खानापूरच्या बाजूला, सह्याद्रीचा मुसळधार पाऊस खडकातील विरघळणारे घटक धुऊन नेतो आणि लोह मागे उरते, म्हणून तिकडची माती तांबडी. पूर्वेला पाऊस कमी होत जातो तशी काळी माती लागते. आपण या दोन रंगांच्या मध्ये राहतो, ही गोष्ट मुलांना फार आवडली. गडाच्या माथ्यावर तांबडी माती हवीच म्हणून त्यांनी एका नातेवाइकाकरवी खानापूरहून पिशवीभर मागवली.

के. बी. कुलकर्णी यांच्यासारखे चित्रकला शिक्षक आणि त्यांच्याकडे शिकलेले, १९३५ साली बेळगावातच जन्मलेले रवी परांजपे यांच्यामुळे या गावाला चित्रकलेचा मोठा वारसा लाभला आहे, आणि त्या चित्रांपुढे मी नेहमी आदराने उभा राहिलो आहे. तरीही मला शेताच्या बांधावर आणि समोरच्या उंबऱ्यावर नेले ते मुलांच्या या साध्या मातीकामाने. तयार किल्ल्यासाठी पैसे पुरतात. माती मात्र कोणाकडे तरी मागावी लागते, ती कशी वागते हे जाणत्याला विचारावे लागते आणि ओली तरटे रात्री कोणी झाकायची हे गल्लीने मिळून ठरवावे लागते.

दिवाळीनंतर किल्ला मोडताना मुलांनी माती टाकू दिली नाही. ती पोत्यात भरून जिन्याखाली ठेवली आणि ज्येष्ठ अमावास्येला आज्जींनी त्याच मातीचे बैल मुलांकडून करवून घेतले; एक जोडी मामांच्या घरी पोचवली. आता रात्री पावसाने जोर धरला की माझा मुलगा अंथरुणातूनच विचारतो, “बाबा, नाला मामांच्या शेतात शिरला असेल का?”