पश्चिमेची भिंत आणि टाइलमागचा सांगाडा: माझा अनुभव

इमारतीच्या पश्चिमेच्या भिंतीवर नव्याने टाइल लावायच्या कामासाठी आमच्याकडे तीन कोटेशनं आली होती. तिन्हींत टाइलची कंपनी, माप, शेड, चकाकी सगळं तपशीलवार लिहिलेलं. आणि ती टाइल ज्याच्या जिवावर भिंतीवर राहणार त्या सांगाड्याबद्दल एकच ओळ: 'क्लॅम्प व फास्टनर आवश्यकतेनुसार.' ड्राय क्लॅडिंग, म्हणजे सिमेंटने न चिकटवता सांगाड्यावर टाइल, करून घेणाऱ्या सोसायटीने भांडायचंच असेल तर या ओळीवर भांडावं. आमच्याकडे भांडण झालं ते रंगावर. करडा की मातकट, यात अख्खी सभा गेली.

मी ठाण्यातल्या एका सात मजली सोसायटीची सेक्रेटरी. शिक्षण कॉमर्सचं, नोकरी बँकेत. बांधकामातलं मला काही कळत नव्हतं, पण 'आवश्यकतेनुसार' हा शब्द बँकेत कुठल्या कागदावर चालत नाही, एवढं कळत होतं.

बिल्डरने पश्चिमेच्या भिंतीला सिमेंटच्या मालात टाइल चिकटवल्या होत्या. त्या भिंतीला दुपारपासून ऊन आणि जूनपासून तिरका पाऊस. तापल्यावर टाइल एका मापाने वाढते, मागचं प्लास्टर दुसऱ्या, आणि एवढ्या मोठ्या भिंतीत कुठे एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे फुगायला जागा देणारी फट, सोडलेला नाही. ऐन एप्रिलात पाचव्या मजल्यावरचा एक पट्टा सुटला आणि खाली उभ्या स्कूटरवर आला. माणूस नव्हता, म्हणून निभावलं. स्ट्रक्चरल कन्सल्टंट झुल्यावरून भिंतीभर हातोडी ठोकत फिरले. जिथे पोकळ आवाज, तिथे खडूची फुली. संध्याकाळी खालून पाहिलं तर कोऱ्या टाइलपेक्षा फुल्याच जास्त होत्या.

सगळं काढून टेक्स्चर पेंट मारायचा, की ॲडहेसिव्हने नव्या टाइल चिकटवायच्या, की टाइल भिंतीपासून सुटी ठेवून धातूच्या सांगाड्यावर लावायची? तिसरा मार्ग सर्वांत महाग. कन्सल्टंटनी स्पष्ट सांगितलं की चारही बाजूंना तो करणं म्हणजे पैशाची उधळपट्टी; ऊन आणि पाऊस दोन्ही खाणारी भिंत एकच आहे, तिथेच करा, बाकी रंगवा. मला हा सल्ला आजही सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि त्यावरूनच अजून कटकट चालू आहे. भिंत पुढे येणार म्हणून सामासिक अंतराबाबत (इमारतीभोवती मोकळी सोडावी लागणारी जागा) आर्किटेक्टकडून लेखी घेतलं, तेवढा कागद फाइलला लावून पुढे गेलो.

पद्धत ऐकायला साधी आहे. भिंतीत ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट ठोकायचे, ब्रॅकेटवर उभे टी-प्रोफाइल (टी आकाराच्या लांब पट्ट्या), प्रोफाइलवर स्टेनलेस स्टीलच्या क्लिपा, क्लिपांत टाइल. मधे पोकळी. टाइल-टाइलमधली ८ मिलिमीटरची फट उघडीच ठेवायची. हे सभेत सांगितलं तेव्हा मागून आवाज आला, "फटी भरणारच नाही? मग पाणी आत नाही का जाणार?" जाणार. पण पावसाचा मुख्य मारा टाइल झेलते. जे थोडं आत येतं ते टाइलच्या पाठीवरून खाली उतरतं, आणि खालून आत शिरून वर पॅरापेटपाशी, म्हणजे गच्चीच्या कठड्यापाशी, बाहेर पडणारी हवा उरलेली ओल सुकवते. मात्र मागची भिंत आधी बरी करावी लागते. आमच्या गळतीचं मूळ बीम आणि वीटकामाच्या सांध्यातल्या भेगांत होतं. त्या पॉलिमर मॉर्टरने आणि जाळीने बुजवून वर वॉटरप्रूफ कोट दिला. एका कंत्राटदाराने ते काम दरातून वगळलं होतं, "टाइल आली की भिंत दिसत नाही" म्हणून. त्याला आम्हीही वगळलं.

वाऱ्याचा हिशेब मला कन्सल्टंटनी कागदावर करून दाखवला. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या, वाऱ्याच्या भाराबद्दलच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्याचा वर्ग गुणिले ०.६ केलं की चौरस मीटरला साधारण ११६० न्यूटन, म्हणजे ११८ किलोच्या आसपास जोर. इमारतीची उंची, आजूबाजूची वस्ती, भिंतीचा कोपरा यांनुसार हा आकडा बदलतो, आणि कोपऱ्यांवर ओढ सर्वांत जास्त असते. आता ९ मिलिमीटर जाडीच्या टाइलचं स्वतःचं वजन बघा: चौरस मीटरला २१ किलो. आम्ही सगळे टाइल खाली पडेल म्हणून घाबरत होतो, आणि सांगाड्याला खरा सामना द्यायचा होता तो टाइल बाहेर ओढणाऱ्या वाऱ्याशी.

म्हणून पुल-आउट टेस्ट. भिंतीत फास्टनर (ब्रॅकेट भिंतीला धरून ठेवणारा बोल्ट) बसवायचा, त्यावर तीन पायांचा छोटा जॅक लावायचा, हँडल मारत ओढायचं आणि डायलवरचा आकडा बघायचा. बीममधल्या फास्टनरने हवा तो भार आरामात घेतला. विटांतला एक मात्र काटा अर्ध्यावर असतानाच सुटला, सोबत प्लास्टरची खपली घेऊन. सांगाडा बनवणारा फॅब्रिकेटर म्हणाला, "ती वीट खराब होती, मॅडम." कन्सल्टंट म्हणाले, "मग चांगली वीट कुठली ते भिंतीवर लिहून दे." तिथेच ठरलं: टाइलचं सगळं वजन बीमवरच्या ब्रॅकेटनी घ्यायचं. मधले, विटांतले ब्रॅकेट फक्त वाऱ्यासाठी, तेही भोकात जाळीची स्लीव्ह (नळी) घालून केमिकल अँकरने, म्हणजे रसायनाने घट्ट चिकटणाऱ्या बोल्टने, बसवायचे. शिवाय बाहेरचं प्लास्टर २५ मिलिमीटर जाड, आणि ते भार घेत नाही. फास्टनरची लांबी मोजायची ती प्लास्टर सोडून काँक्रीटच्या आत. कोटेशनमधल्या 'आवश्यकतेनुसार'च्या जागी आता दीड पान मजकूर आला आणि तिन्ही दर पहिल्यांदा एकमेकांशी ताडून बघता आले. सर्वांत स्वस्त वाटणारा सर्वांत स्वस्त राहिला नाही.

परांची बांधून झाल्यावर गच्चीवरून ओळंबे सोडले. इमारत सरळ आहे असा आपला समज असतो. चौथ्या मजल्यावर भिंत तब्बल ४० मिलिमीटर बाहेर आलेली निघाली. ब्रॅकेट दोन लांबींचे मागवले, त्यावर प्रोफाइल मागेपुढे सरकवून दोरीत आणलं. जुन्या प्लास्टरपासून नवीन टाइलचं तोंड साधारण १०० मिलिमीटर पुढे आलं.

टाइलच्या मापाचा घोळ मात्र कोणाच्याच लक्षात आला नव्हता. ६०० बाय १२०० मिलिमीटरची टाइल आडवी लावायची. फटीसकट एक थर ६०८, पाच थर ३०४०. आमचा मजला ३०००. दर मजल्याला ४० मिलिमीटर सरकत गेलं तर सातव्या मजल्यापर्यंत पाऊण फूट–एक फूट फरक पडतो. बिघडतं काय? उभं प्रोफाइल मजल्यागणिक तुटक असतं, आणि दोन प्रोफाइलमधली फट टाइलच्या फटीसमोरच यावी लागते. एकच टाइल दोन प्रोफाइलना धरून बसली आणि ती प्रोफाइल उन्हात हलली, तर टाइलला तडा. शेवटी पुरवठादाराकडून टाइल ५९२ वर कापून घेतल्या. ५९२ अधिक ८, सहाशे. पाच थर, बरोबर एक मजला. आठ मिलिमीटर कापायला पैसे कशाला, असं खजिनदार काकांनी विचारलं. त्यांना हीच बेरीज पाठीमागच्या पानावर करून दिली, त्यांनी सही केली.

आता ब्रॅकेटच्या भोकांबद्दल. मी परांचीवर चढले नाही, पण गच्चीच्या खालचा पहिला टप्पा पॅरापेटवरून नीट दिसतो. बीमवरच्या ब्रॅकेटला स्क्रू गोल भोकात मारायचा, मधल्यांना लांबट भोकात. गोल भोकात स्क्रू घट्ट, प्रोफाइल तिथे अडकून राहतं. लांबट भोकात स्क्रू बरोबर मध्यावर, म्हणजे प्रोफाइलला वरखाली सरकायला वाव. एक मीटर ॲल्युमिनियम एका अंशाला सुमारे ०.०२३ मिलिमीटर वाढतं. तीन मीटरचं प्रोफाइल, थंडीतली पहाट ते मेमधली दुपार असा ४० अंशांचा फरक धरला तर पावणेतीन मिलिमीटर. मधल्या ब्रॅकेटवरही गोल भोक असतंच, कारण ब्रॅकेट दोन्ही कामांसाठी एकच येतं. फॅब्रिकेटरच्या पोरांनी भराभर सगळीकडे गोल भोकांतही स्क्रू मारले होते. त्यांच्या दृष्टीने काम जास्त मजबूत! कन्सल्टंटनी आवाज चढवला नाही. एक प्रोफाइल उन्हात ठेवायला लावलं, दुपारी टेप धरून त्याची लांबी मोजली, मग सावलीतल्या जोडीदाराशेजारी ठेवलं. फरक डोळ्याला दिसेल न दिसेल इतका, पण नखाला लागत होता. त्या दिवशी पश्चिमेचे मधले सगळे जादा स्क्रू निघाले.

ब्रॅकेट आणि भिंतीमधल्या प्लॅस्टिकच्या पॅडचंही तसंच. ओल्या सिमेंटला ॲल्युमिनियम थेट टेकलं की सिमेंट त्याला खातं. पॅड दिसायला चार आण्याचा, पण विसरला तर नंतर घालता येत नाही.

क्लिपांसाठी आम्ही ३१६ ग्रेडचं स्टेनलेस मागितलं होतं, खाडीची हवा आहे म्हणून. फॅब्रिकेटर लोहचुंबक घेऊन ऑफिसात आला, क्लिपेला लावून दाखवला, "बघा, चिकटत नाही, म्हणजे ३१६." कमिटीने माना डोलावल्या. कन्सल्टंट हसले. ३०४ या साध्या ग्रेडच्या स्टेनलेसलाही चुंबक चिकटत नाही. फरक मॉलिब्डेनम या धातूचा, जे ३१६ मध्ये २ ते ३ टक्के असतं. त्यासाठी थेंब टाकून रंग बघायची चाचणी मिळते, आणि मालाचं टेस्ट सर्टिफिकेट मागता येतं. दोन्ही मागितलं. पहिली खेप परत गेली.

क्लिपा दिसणाऱ्याच घेतल्या, टाइलच्या रंगात रंगवून. लपवायच्या असतील तर टाइलच्या कडेला खाच मारावी लागते आणि ९ मिलिमीटरच्या कडेत खाच मारल्यावर शिल्लक काय राहतं? दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना त्या क्लिपा दाताला तारा लावल्यासारख्या दिसतात. दिसतात खऱ्या, जवळून. प्रत्येक टाइलच्या पाठीला फायबरची जाळी चिकटवून घेतली. टाइल फुटली तरी तुकडे जाळीला धरून राहतात. एक टाइल १५ किलोची आहे, त्यामुळे या बाबतीत काटकसर नको.

आणि मग बॉक्स ग्रिल. ठाण्या-मुंबईत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. खिडकीबाहेर दीड-दोन फूट आलेला लोखंडी पिंजरा, त्यात तुळस, कपड्यांची दोरी, जुना कुकर आणि मुलाच्या सायकलची चाकं. ग्रिल काढल्याशिवाय सांगाडा खिडकीपाशी नेता येत नाही. कामातला सगळ्यात लांबलेला भाग हाच, त्यापुढे वाऱ्याचं गणित काहीच नाही. "आमची ग्रिल राहू द्या, तिच्याभोवती टाइल लावा." लावता येते, पण मग ग्रिलच्या प्रत्येक पायापाशी पाणी आत. शेवटी सर्वांनी खिडकीच्या चौकटीत बसणारी सपाट ग्रिल घ्यायची, जुनी उतरवायचा खर्च सोसायटीचा, नवीचा ज्याचा त्याचा, असा ठराव झाला. एसीच्या बाहेरच्या युनिटसाठी बीममध्ये वेगळे ब्रॅकेट आधीच बसवून पाइपसाठी स्लीव्ह ठेवली, कारण टाइलला भोक पाडून युनिट लटकवणारा मेकॅनिक आज ना उद्या येणारच. खिडकीच्या बाजूंना आणि सिलला ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून लावला. तिथे हात आखडला असता तर बाकी सगळं करून गळती तशीच राहिली असती.

आगीचा प्रश्न एका तरुण सभासदाने काढला. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला जून २०१७ मध्ये आग लागली, ७२ माणसं गेली. तिथे बाहेरच्या पत्र्यांच्या आत पॉलिएथिलीन हे जळणारं प्लास्टिक होतं, मागे जळणारं इन्सुलेशन, आणि मधली पोकळी धुरांड्याचं काम करत गेली. आमची टाइल जळत नाही, इन्सुलेशन आम्ही घातलंच नाही, तरी पोकळी ती पोकळीच. प्रत्येक स्लॅबच्या पातळीला आगीत फुगून पोकळी बंद करणारी पट्टी बसवली. एरवी तिच्यापुढून हवा जाते. खाली-वर भोकांचा पत्रा लावला, कबुतरांसाठी. कबुतरं त्या पोकळीत एकदा शिरली तर त्यांना बाहेर काढणं कुठल्याच कन्सल्टंटच्या हातात नाही.

काम मेअखेर संपलं. पश्चिमेकडच्या बेडरूमच्या भिंती आता संध्याकाळी हाताला पोळत नाहीत, आणि गेल्या पावसाळ्यात तिथून ओलीची एकच तक्रार आली. ती बाथरूमच्या पाइपची निघाली. सातव्या मजल्याला उकाडा होता तेवढाच आहे, त्यांचा स्लॅबच तापतो, त्याला भिंतीने काय फरक पडणार. त्यांना हे आधी सांगितलं होतं, तरी ते मला लिफ्टमध्ये ऐकवतात.

बिलातली पाच टक्के रक्कम दोन पावसाळे होईपर्यंत अडवून ठेवली आहे. जादा टाइलच्या पेट्या पंपरूममध्ये आहेत, एकाच बॅचच्या, कारण पुढच्या बॅचची शेड जुळेल याची खात्री नाही. ब्रॅकेट कुठे आहेत त्याचं ड्रॉइंग ऑफिसात लॅमिनेट करून लावलंय. डिश लावायची असेल त्याने आधी ते बघावं आणि अर्ज द्यावा. पहिला अर्ज आलाही. आणि उत्तरेकडच्या सभासदांनी पुढच्या वार्षिक सभेसाठी विषय दिलाय: आमच्या भिंतीला फक्त रंग का?