तुम्ही विचारलंत म्हणून : छोट्या कंपनीचे बास्केटबॉल शूज घ्यावेत का?

शाळेतल्या मुलींच्या बास्केटबॉल संघाला मी शिकवते, त्यामुळे जून उजाडला की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. बड्या विदेशी कंपनीचे शूज परवडत नाहीत, तेव्हा जालंधरच्या निवियासारख्या किंवा फारसा गाजावाजा नसलेल्या एखाद्या कंपनीचे शूज आणि कपडे घेतले तर चालतील का? चालतील, आणि बहुतेक मुलींना मी तेच सुचवते. मात्र केवळ स्वस्त म्हणून उचललेला जोड आणि आपले कोर्ट डोळ्यांसमोर ठेवून निवडलेला जोड यांत फार अंतर असते.

आपल्याकडची बहुतेक शालेय कोर्टे उघड्यावरची, सिमेंटची आणि धुळीची. महागड्या शूजपैकी पुष्कळसे मात्र बंदिस्त सभागृहातल्या लाकडी कोर्टासाठी बनवलेले असतात. त्यांच्या तळाचे रबर मऊ ठेवतात, कारण स्वच्छ लाकडावर मऊ रबरच घट्ट पकड घेते. सिमेंटवर तेच रबर खोडरबरासारखे झिजत जाते. म्हणून दुकानात शूज हातात आला की मी तो आधी उलटा करते आणि तळावर नख दाबून पाहते. नख सहज रुतले तर तो आपल्या कोर्टाचा नव्हे. नंतर नक्षी पाहायची. माशाच्या काट्यासारख्या नागमोडी, खोल रेषा असतील तर पुढे, मागे आणि बाजूला, कोणत्याही दिशेने थांबताना पकड मिळते. अंगठ्याच्या बुंध्याखालचा भाग विशेष निरखावा, कारण पिव्हट करताना, म्हणजे एक पाऊल जागेवर रोवून त्यावर वळताना, सगळा भार तिथेच फिरतो आणि झीजही तिथूनच सुरू होते. शेवटी शूज दोन्ही हातांनी वाकवावा. तो बोटांच्या सांध्यापाशी वाकला पाहिजे. मधोमध दुमडणारा शूज, मग त्यावर कोणतेही नाव असो, मी परत ठेवते.

घोट्याच्या वर येणारेच शूज हवेत, असा अनेक वडिलांचा आग्रह असतो. उंच शूजने पाय मुरगळत नाही, ही समजूत जुनी आहे; परंतु 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात महाविद्यालयीन पातळीवरच्या 622 खेळाडूंना उंच आणि बुटके शूज वाटून देऊन पाहिले, तेव्हा घोट्याच्या दुखापतींत लक्षणीय फरक आढळला नाही. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला नामवंत खेळाडू कोबी ब्रायंट याने तर 2008 मध्ये घोट्याखाली संपणारा शूज आग्रहाने करवून घेतला. उंचीपेक्षा टाच आत घट्ट बसणे मला महत्त्वाचे वाटते, आणि मुलींची खरी अडचण तिथेच आहे. पुष्कळ कंपन्या, त्यांत मोठ्याही आल्या, पुरुषांच्या पायाच्या कलबुतावरच, म्हणजे शूज ज्यावर बेततात त्या साच्यावरच, लहान मापे काढतात. मुलींची टाच मात्र चवड्याच्या मानाने अरुंद असते. याच कारणाने अमेरिकेत नॅटली व्हाइट हिने केवळ स्त्रियांसाठी मूला किक्स ही छोटी कंपनी काढली. तो पर्याय हाताशी नसेल तर संध्याकाळी, दिवसभराने पाय थोडा फुगलेला असताना, सामन्याचेच जाड मोजे घालून माप घ्यावे, लेस अगदी वरच्या भोकापर्यंत ओवावी आणि दुकानातच चार वेळा धावता धावता एकदम थांबून पाहावे. टाच उचलली जात असेल तर अर्धे माप बदलावे किंवा दुसरी कंपनी पाहावी.

नाव मोठे म्हणजे शूज अभेद्य, असेही नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संघातल्या झायन विल्यमसनचा नायके शूज सामना सुरू होऊन मिनिटही झाले नव्हते तोच फाटला, आणि त्याचा गुडघा दुखावला. छोट्या नावांचा धोका निराळा असतो. एनबीएतल्या स्टेफन मारबरीने 2006 मध्ये स्टीव्ह अँड बॅरीज या अमेरिकी दुकानसाखळीसाठी अवघ्या 14.98 डॉलरचा स्टारबरी शूज आणला आणि तोच पायांत घालून तो एनबीएचे सामने खेळला. पण 2008 मध्ये ती साखळीच दिवाळखोरीत गेली. शूज चांगला असूनही पुढच्या वर्षी तो मिळेलच, याची हमी नसते. म्हणून एखाद्या मुलीला छोट्या कंपनीचा जोड छान बसला, तर पाऊल वाढायचे थांबले आहे एवढी खात्री करून त्याच मापाचा दुसरा जोड घेऊन ठेवायला मी सांगते.

कपड्यांबाबत एवढी चिकित्सा लागत नाही. हलके, जाळीदार पॉलिस्टर कोणतीही बरी कंपनी देते. नंबर वरून चिकटवलेला असेल तर धुण्यात त्याला भेगा पडतात. कापडातच रंग उतरवणारी सब्लिमेशन छपाई मागावी. मुलींच्या जर्सीचा बगलेचा कट खोल नको, हे शिवणाऱ्याला स्पष्ट सांगावे लागते. संघासाठी मागवताना एक गडद आणि एक फिकट असे दोन संच घ्यावेत, कारण फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमानुसार दोन्ही संघांचे रंग वेगळे दिसावे लागतात. एकदोन जर्सी बिननंबरी जादा मागवाव्यात, कारण वर्षाच्या मध्यात संघात येणाऱ्या मुलीसाठी त्याच छटेचे कापड छोट्या कंपनीकडे शिल्लक असेलच असे नाही.

ज्या मुलीची राज्य संघात निवड झाली आहे आणि जिचा बहुतेक सराव आता लाकडी कोर्टावर होतो, तिच्या पालकांना मात्र मी मऊ तळाचा, थोडा महाग जोड घ्यायला सांगते, आणि तो घालून सिमेंटवर पाऊल टाकायचे नाही, असे तिला स्वतंत्रपणे बजावते.