कराची जळाल्याची रात्र

८ मे २०२५ च्या रात्री साडेअकराच्या सुमारास तलासरीजवळच्या एका पाड्यावरून मला फोन आला. "ताई, कराची जाळली सांगतात. माझा नवरा तठंच ना?" एवढे बोलून ती गप्प झाली आणि तिच्यामागे कुणाच्या तरी मोबाईलवर वाजणारा वृत्तवाहिनीचा भोंगा मला ऐकू येत राहिला. शेठकडून उचल घेऊन गुजरातेतल्या ओख्याच्या बोटीवर खलाशी म्हणून गेलेला तिचा नवरा दुसऱ्याच फेरीला पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाच्या हाती लागला होता आणि तिसरे वर्ष कराचीच्या मलीर तुरुंगात काढत होता. बोट कुठवर गेली हे ती चालवणारा तांडेल जाणे. जाळे ओढणाऱ्याला नकाशा कोण दाखवतो?

शांततेचे काम म्हटले की लोकांना मेणबत्त्या आणि घोषणा आठवतात. डहाणू-तलासरी पट्ट्यात गेली काही वर्षे मी जे करते, त्यातले निम्मे काम झेरॉक्सच्या दुकानात होते. रेशनकार्डावर एक नाव, आधारकार्डावर दुसरे आणि तिकडच्या कागदात बापाचे नाव आडनावाच्या जागी, अशी गाठ पडली की ती सुटेपर्यंत पकडलेल्या खलाशाच्या राष्ट्रीयत्वाची खातरजमा होत नाही. भारत-पाकिस्तानच्या २००८ च्या करारानुसार शिक्षा संपून खातरजमा झाली की महिन्याभरात कैद्याला परत पाठवायचे आहे. पण कागद जुळेपर्यंत तो महिना सुरूच होत नाही.

त्या वर्षी फेब्रुवारीत बावीस मच्छीमार सुटून वाघा-अटारीमार्गे परतले, तेव्हा पुढच्या तुकडीत आपला माणूस असेल अशी आशा या घराने धरली होती. पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीची चौकी बंद झाली, ३ मे रोजी पाकिस्तानशी होणारी टपालाची देवाणघेवाण थांबली, आणि ७ मे रोजी आमच्या शेजारी तारापूरला हवाई हल्ल्यापासून बचावाचा सराव झाला. आता आपल्या नौदलाने कराचीचे बंदर जाळल्याची बातमी आली होती.

मलीर तुरुंग बंदरापासून बराच दूर, शहराच्या पूर्व अंगाला आहे, असे मी तिला सांगितले. ते खरे होते, तरी त्याने माझेच समाधान झाले नाही. तिथल्या एका वृद्ध वकिलांचा क्रमांक माझ्याजवळ होता. ते मलीरमधल्या आमच्या खलाशांची विचारपूस करत आणि गुजरातच्या तुरुंगांतल्या त्यांच्या मच्छीमारांबद्दल जेवढे कळेल तेवढे मी त्यांना कळवत असे. लढाई चालू असताना पाकिस्तानी क्रमांकावर निरोप धाडणे शहाणपणाचे नाही, हे मला कळत होते. अर्धा तास मी फोन हातात घेऊन बसले, मग "मलीरमध्ये सगळे ठीक?" एवढीच ओळ पाठवली आणि ती पाठवल्याचे माझ्या नवऱ्यालाही सांगितले नाही.

पहाटे सहाला उत्तर आले: "बंदर जागेवर आहे, मलीरही. तुमची मुंबई आहे ना?"

सात वाजता मी पाड्यावर पोहोचले. तिच्या मुलाने मला मोबाईलवर आगीचा लोळ दाखवला. ती चित्रफीत अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या विमान अपघाताची होती, हे नंतर उघड झाले. कराची बंदरावर हल्ला झालाच नव्हता. ११ मेच्या पत्रपरिषदेत नौदलाने आपण त्यासाठी सज्ज होतो, एवढेच सांगितले. बातमी ओरडून सांगणाऱ्यांपैकी कुणी या पाड्यावर माफी मागायला येणार नव्हते.

वकिलांचा निरोप मी तिला दोनदा वाचून दाखवला. ती काहीच बोलली नाही. तांदळाच्या डब्यातून तिने फेब्रुवारीत आलेले पत्र काढले. दुसऱ्या कुणीतरी हिंदीत लिहिलेले, घड्यांवर विरलेले ते पत्र पावसाआधी घर शाकारून घ्यायला सांगत होते. "शाकारलं, लिव," ती म्हणाली. टपाल बंद आहे, हे मी सांगितले. "तू लिव. चालू झालं का धाड." मी तिथेच ओटीवर बसून लिहिले; मुलाने खाली आपले नाव मोठ्या अक्षरांत घातले.

१ जुलैला दोन्ही देशांनी, युद्धाला दोन महिनेही झाले नसताना, नेहमीप्रमाणे कैद्यांच्या याद्या एकमेकांना दिल्या. भारताच्या ताब्यात ३८२ नागरी कैदी आणि ८१ मच्छीमार, पाकिस्तानच्या ताब्यात ५३ नागरी कैदी आणि १९३ मच्छीमार. तिचा फोन आला. "त्या १९३ मध्ये आमचा कितवा?" जाहीर होतो तो आकडा, नावे नव्हेत, हे तिला कसे सांगावे ते मला सुचेना, कळले की सांगते, एवढेच मी म्हटले. तिच्याकडे पाऊस जोरात वाजत होता आणि पत्र अजून माझ्याच फाईलमध्ये होते.

"ताई, घर गळत नाय," ती म्हणाली. "तेवढं त्यात घाल."